डेटाबेसचं बिऱ्हाड कंटेनरमध्ये

भर दुपारी, शाखांमध्ये रांगा लागलेल्या असताना, चालता डेटाबेस एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर ठेवायचा आणि काउंटरवरच्या कुणालाही त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ स्क्रीनसमोरून उठवलं नाही. व्हीएमवेअरचं व्हीमोशन २००३ मध्ये आलं. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आपण सगळे ज्याला नुसतं व्हीएम म्हणतो ते, चालू असतानाच त्याच्या मेमरीतलं पान न् पान पलीकडच्या यंत्रावर उतरवलं जातं. तेवढ्यात जी पानं बदलली ती पुन्हा नेली जातात. शेवटी क्षणभर सगळं थांबवून उरलेली चार पानं नेली की व्हीएम पलीकडे जागं होतं. आतल्या ओरॅकलला किंवा पोस्टग्रेसला वाटतं, आपण होतो तिथंच आहोत. खालचं यंत्र मात्र बदललेलं असतं.

गेली वीस वर्षं मोठ्या संस्थांचे डेटाबेस या सावलीत वाढले. मेमरीची पट्टी बदलायची असो, रॅक हलवायचा असो किंवा एखादं यंत्र कुरकुरत असो, सगळं हायपरव्हायजर, म्हणजे व्हीएम चालवणारा खालचा थर, अंगावर घ्यायचा. डेटाबेसने फक्त व्यवहार लिहायचे. आता तोच डेटाबेस कंटेनरमध्ये, बहुतेक वेळा अनेक यंत्रांवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसवर, न्यायचा विषय आयटी विभागांच्या बैठकांमध्ये वारंवार निघतो. याबद्दल माझं एकच म्हणणं आहे आणि पुढचं सगळं त्याभोवती फिरतं. कंटेनरमध्ये गेल्यावर ही सावली उरत नाही. यंत्र बंद पडणं, जागेवरून हुसकावलं जाणं, मध्येच मारलं जाणं हे थेट डेटाबेसच्या वाट्याला येतं आणि ते सोसायची ताकद त्याच्या स्वतःच्या अंगात असावी लागते. ज्याच्यात ती आहे त्याला खुशाल न्यावं. ज्याच्यात नाही त्याला कितीही बिल वाचत असलं तरी नेऊ नये.

बिलाचं आधी बोलतो, कारण घाई तिथून सुरू झाली. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेण्याचं मे २०२२ मध्ये जाहीर केलं. तेव्हा सांगितलेली किंमत ६१ अब्ज डॉलर होती. व्यवहार पूर्ण झाला २२ नोव्हेंबर २०२३ ला आणि डिसेंबरातच कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली. यापुढे वर्गणी, तीही उत्पादनांच्या गठ्ठ्यासाठी. ज्यांनी एकदा पैसे भरून पुढे वर्षानुवर्षं फक्त देखभालीचा करार चालवला होता, त्यांच्या हातात नूतनीकरणाचं कोटेशन पडलं तेव्हा लेखा विभागाने पहिल्यांदाच विचारलं की या व्हीएमला पर्याय काय. प्रश्न रास्त आहे. पण भाडं वाढलं म्हणून रातोरात बिऱ्हाड हलवणारा माणूस नव्या जागेत पाणी किती वाजता येतं हे विचारायला विसरतो, आणि पुढची कितीतरी वर्षं बादल्या भरत बसतो.

नवी जागा तशी फार नवी नाही. १९७९ च्या युनिक्समध्ये प्रक्रियेला वेगळं मूळ फोल्डर दाखवायची सोय होती, २००० मध्ये फ्रीबीएसडीचे जेल आले, मग सोलारिसचे झोन. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं सीग्रुपचं काम जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये दाखल झालं. प्रक्रियांच्या एका गटाला किती मेमरी, किती सीपीयू, हे कर्नल स्वतः मोजतो आणि मर्यादा आली की अडवतो. यावरच २०१३ मध्ये डॉकर उभं राहिलं आणि जून २०१४ मध्ये गूगलने कुबरनेटिस जाहीर केलं. व्हीएमला स्वतःचं कर्नल असतं, कंटेनरला नसतं. कंटेनर ही यजमानाच्या कर्नलवर चालणारी, भोवती भिंती घातलेली साधी प्रक्रियाच असते. चाळीतल्या खोलीसारखं: भिंती आपल्या, नळ सगळ्यांचा.

कुबरनेटिस मुळात घडवलं गेलं ते वेब सर्व्हरसारख्या कामांसाठी, जिथं एक प्रत मेली तर दुसरी उभी करायची आणि पुढे जायचं. डेटाबेसची प्रत अशी मरत नाही. तिच्याकडे डेटा असतो, नाव असतं, ती मुख्य आहे की दुय्यम याची ओळख असते. ही अडचण कुबरनेटिसवाल्यांना लवकर दिसली. जुलै २०१६ च्या १.३ आवृत्तीत त्यांनी पेटसेट आणलं, म्हणजे नाव घेऊन सांभाळायच्या पाळीव जनावरांची सोय. डिसेंबर २०१६ च्या १.५ मध्ये त्याचं नाव स्टेटफुलसेट झालं आणि डिसेंबर २०१७ च्या १.९ मध्ये ते पक्कं झालं. प्रत्येक प्रतीला ठरलेला क्रमांक आणि ठरलेली डिस्क मिळू लागली. तरीही कुबरनेटिसच्या सर्वांत परिचित प्रचारकांपैकी एक असलेल्या केल्सी हायटॉवर यांनी २०१८ च्या सुरुवातीला उघड लिहिलं की सुधारणा मोठी आहे, पण डेटाबेस मी अजून कुबरनेटिसवर न चालवणंच पसंत करतो. त्या वेळी ते बरोबर होतं. डिस्क जोडायची प्रमाणित पद्धत, सीएसआय, स्थिर झाली ती १.१३ मध्ये. यंत्राच्या आतली डिस्क वापरण्याची सोय मार्च २०१९ च्या १.१४ मध्ये पक्की झाली. डिस्कचा स्नॅपशॉट घेण्याची सोय पक्की व्हायला १.२० उजाडली, म्हणजे डिसेंबर २०२०. आज २०१८ चं मत जसंच्या तसं उगाळणारे लोक भेटतात तेव्हा ही सनावळी त्यांच्यापुढे ठेवावीशी वाटते.

त्याआधीचं एक उदाहरण मात्र या सगळ्याला पुरून उरतं. यूट्यूबचा डेटाबेस तेव्हा मायएसक्यूएल होता. तो आवरेना तेव्हा २०१० मध्ये सुगू सौगुमारन आणि माइक सॉलोमन यांनी व्हिटेस लिहायला घेतलं. पुढे हा सगळा पसारा गूगलच्या बोर्ग या अंतर्गत यंत्रणेत न्यावा लागला, ज्या बोर्गच्या अनुभवातून नंतर कुबरनेटिस जन्मलं. बोर्गमध्ये डेटाबेसला कायमची डिस्क मिळतच नव्हती. कंटेनर दुसरीकडे गेला की स्थानिक डिस्कवरचा डेटा पुसला जायचा. मायएसक्यूएलसाठी याहून वाईट घर शोधून सापडणार नाही. त्यांनी डिस्क मागितली नाही. दुसऱ्या प्रतीने व्यवहार मिळाल्याची पोच दिल्याशिवाय तो पक्का धरायचा नाही आणि मुख्य प्रत कधीही जाईल असं धरूनच चालायचं, असा मार्ग त्यांनी काढला. टिकाऊपणा डिस्कवरून उठून प्रतींच्या संख्येत गेला. व्हिटेस नोव्हेंबर २०१९ मध्ये क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनच्या पूर्ण विकसित प्रकल्पांमध्ये गेलं आणि आज प्लॅनेटस्केल ही कंपनी त्याच पायावर कुबरनेटिसमध्ये डेटाबेस सेवा चालवते. कंटेनरमध्ये डेटाबेस चालतो का, याचं उत्तर डॉकर येण्याआधी सुरू झालेल्या या कामात मिळून गेलं आहे. उत्तर होकाराचं आहे, फक्त डेटाबेसची वागणूक बदलावी लागते.

ही वागणूक बदलायचं काम आता ऑपरेटर करतो. शब्द कोअरओएस कंपनीने नोव्हेंबर २०१६ मध्ये रूढ केला. डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, रात्री तीन वाजता जे करतो (मुख्य प्रत खरंच गेली का पाहतो, सर्वांत पुढे असलेली दुय्यम प्रत निवडतो, तिला मुख्य करतो, बाकीच्यांना तिच्यामागे लावतो, बॅकअपची साखळी तुटली नाही ना बघतो) ते प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवायचं आणि कुबरनेटिसच्या आत सतत चालू ठेवायचं. पोस्टग्रेससाठी क्रंची डेटाचा आहे, झालांडो या कपडे विकणाऱ्या जर्मन कंपनीचा आहे, आणि २०२२ मध्ये एन्टरप्राइझडीबीने खुला केलेला क्लाउडनेटिव्हपीजी आहे. पर्कोनाचे आहेत, कॅसँड्रासाठी आहेत, मोंगोडीबीचा त्यांचा स्वतःचा आहे. एन्टरप्राइझडीबीचं पुण्यात मोठं केंद्र आहे, त्यामुळे इथल्या डीबीए मंडळींना पोस्टग्रेसची कामं जवळून माहीत असतात, ही आपल्याकडची जमेची बाजू.

यांत क्लाउडनेटिव्हपीजीची एक गोष्ट मला फार शिकवून गेली. ज्या स्टेटफुलसेटसाठी कुबरनेटिसने दीड वर्ष खर्च केलं, ते हा ऑपरेटर वापरतच नाही. पॉड (कुबरनेटिस एकत्र चालवतो तो कंटेनरचा गट) आणि डिस्क तो स्वतः सांभाळतो. स्टेटफुलसेट सगळ्या प्रतींना सारखं मानतं, डिस्कचा साचा एकदा ठरला की बदलू देत नाही, आणि मुख्य प्रत क्रमांक शून्यवरच असेल असा काही नेम नसतो. पोस्टग्रेसला काय हवं हे पोस्टग्रेसवाल्यांनीच ठरवलं तेव्हा घर नीट झालं. ऑपरेटर निवडताना मी सर्वांत आधी हेच बघतो, की लिहिणाऱ्यांचे हात डेटाबेसमध्ये मळलेले आहेत की फक्त कुबरनेटिसमध्ये.

आता थोडं जवळून. कंटेनरमध्ये डेटाबेस कसा दगा देतो हे पुस्तकात वाचून कळत नाही.

एका कामात पोस्टग्रेस नेऊन आठवडा झाला होता. दिवसभराचे छोटे व्यवहार सुरळीत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोन आला, "सर, बाकी सगळं चाललंय, फक्त मोठा रिपोर्ट पडतोय. जागा नाही म्हणतो." डिस्कवर जागा होती, भरपूर होती. लॉग उघडला तर ओळ शेअर्ड मेमरीची होती: तुकडा वाढवता येत नाही, जागा शिल्लक नाही. मोठ्या क्वेरीचं काम पोस्टग्रेस अनेक प्रक्रियांत वाटतो आणि त्या एकमेकींशी शेअर्ड मेमरीतून बोलतात. व्हीएममध्ये ती जागा एकूण मेमरीच्या निम्मी असते. कंटेनरमध्ये कुणी काही सांगितलं नाही तर ६४ एमबी. छोटी क्वेरी त्यात मावते, महिन्याचा ताळेबंद मावत नाही. पॉडच्या वर्णनात मेमरीवरचा एक व्हॉल्यूम त्या जागी जोडला आणि काम झालं. चार ओळींचा बदल. पण तो आठवडाभर कुणाच्या ध्यानात आला नव्हता, कारण चाचणी छोट्या व्यवहारांवर घेतली होती. चाचणी महिनाअखेरीच्या कामावर घ्यायला हवी होती, ही चूक माझी.

बंद करण्याचंही तसंच. कुबरनेटिस पॉड थांबवताना एक संकेत पाठवतो आणि काही सांगितलं नसेल तर ३० सेकंद वाट पाहून सरळ मारतो. पोस्टग्रेसच्या भाषेत त्या नेहमीच्या संकेताचा अर्थ आहे, नवी माणसं घेऊ नकोस, पण आतली आपणहून जाईपर्यंत थांब. कनेक्शन पूल लावलेलं ॲप्लिकेशन आपणहून कशाला जातंय? ३० सेकंद संपतात, घाव बसतो आणि पुढच्या सुरुवातीला डेटाबेस लॉग वाचत स्वतःला सावरत बसतो. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये म्हणूनच थांबण्याचा संकेत बदलून ठेवलेला आहे. स्वतःची इमेज बनवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं. आणि मोठ्या मेमरीच्या डेटाबेसला शेवटचा चेकपॉइंट लिहायला ३० सेकंद पुरतच नाहीत. मुदत वाढवावीच लागते.

मेमरीचा विषय सर्वांत नाजूक. व्हीएममध्ये मेमरी संपत आली तर स्वॅपमध्ये रेंगाळायला तरी मिळतं. कंटेनरने ठरलेली मर्यादा ओलांडली की कर्नल एखादी प्रक्रिया उचलून मारतो. पोस्टग्रेसमध्ये एका ग्राहकाची प्रक्रिया अशी मेली की मुख्य प्रक्रिया शेअर्ड मेमरीवर विश्वास ठेवत नाही. सगळ्यांची कनेक्शनं तोडते आणि पुन्हा उभी राहते. कुबरनेटिसच्या १.२८ आवृत्तीपासून नव्या सीग्रुपवर तर नियमच बदलला. आता त्या कंटेनरमधल्या सगळ्याच प्रक्रिया एकदम मारल्या जातात. डेटाबेसवाल्यांच्या तक्रारी आल्या आणि १.३२ मध्ये जुनी वागणूक निवडायची सोय द्यावी लागली. यावर माझा नेम ठरलेला आहे. डेटाबेसच्या पॉडला मागणी आणि मर्यादा सारखीच द्यायची, म्हणजे कुबरनेटिस त्याला सर्वांत शेवटी हात लावतो, आणि बफर ठरवताना त्या मर्यादेत फाइल कॅशही मोजली जाते हे धरूनच हिशेब करायचा.

यंत्रच गेलं तर? व्हीएमच्या जगात हायपरव्हायजर ते व्हीएम दुसऱ्या यंत्रावर नव्याने सुरू करतो आणि काही मिनिटांत गाडी रुळावर येते. कुबरनेटिसमध्ये नोडशी, म्हणजे त्याच्या ताब्यातल्या एखाद्या यंत्राशी, संपर्क तुटला की तिथले पॉड काढायला मूळ मांडणीत आणखी ५ मिनिटं थांबलं जातं. त्यानंतरही स्टेटफुलसेट दुसरी प्रत उभी करत नाही, कारण पहिली खरंच मेली की फक्त दिसत नाही, हे त्याला कळायला मार्ग नसतो. दोन मुख्य प्रती एकाच वेळी लिहू लागल्या तर त्याहून मोठा अनर्थ नाही, म्हणून ही सावधगिरी योग्यच आहे. मग माणसाने खात्री करून हाताने पॉड काढायचा, आणि त्यावरही जुन्या नोडला अडकलेली डिस्क सुटायला ६ मिनिटं जाऊ शकतात. १.२८ मध्ये पक्की झालेली, नोड बाद झाल्याचं जाहीर करायची सोय यातला बराच वेळ वाचवते. तरी सांगायचं हे की एकच प्रत आणि एकच डिस्क घेऊन कुबरनेटिसवर गेलेला डेटाबेस व्हीएमपेक्षा असुरक्षित होतो. तीन प्रती, तीन वेगळ्या नोडवर, वर ऑपरेटर, मग मात्र मिनिटाच्या आसपास दुय्यम प्रत मुख्य होते आणि डिस्क सुटायची वाट कुणी बघत नाही. दोन्ही मांडण्यांना लोक कंटेनरमधला डेटाबेस हे एकच नाव देतात आणि मग वाद घालतात.

वेगाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आयबीएमच्या संशोधकांनी २०१४ मध्येच डॉकर आणि केव्हीएम या लिनक्सच्या हायपरव्हायजरची तुलना करून दाखवलं होतं, मायएसक्यूएलसह, की कंटेनर व्हीएमच्या बरोबरीने किंवा पुढेच असतो. जिथं मागे पडतो तिथं दोष थरांच्या फाइलप्रणालीचा किंवा पत्ते बदलणाऱ्या नेटवर्कचा असतो. डेटा व्हॉल्यूमवर ठेवला की पहिला दोष जातो. शिवाय क्लाउडमधले कुबरनेटिस नोड बहुतेक करून स्वतःच व्हीएम असतात, तेव्हा हायपरव्हायजर गेला असं समजून वेगाचा हिशेब मांडणं व्यर्थ.

ज्याने लोकांचा डेटा खरोखर बिघडतो ती गोष्ट वेगळीच आहे आणि ती हलवण्याच्या कृतीतच दडलेली आहे. जुन्या व्हीएमवर रेड हॅट ७ असतं, त्यातली ग्लिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी, २.१७. नवी इमेज डेबियन १२ ची, ग्लिबसी २.३६. दोघींच्या मधल्या काळात, ऑगस्ट २०१८ च्या २.२८ मध्ये, अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले. पोस्टग्रेस मजकुराच्या इंडेक्सचा क्रम नेहमीच्या मांडणीत ग्लिबसीला विचारून ठरवतो. जुनी ग्लिबसी इंग्रजीच्या नियमाने ‘११’ आधी आणि ‘१-१’ नंतर लावते, नवी नेमकं उलट. अंक इथं मी देवनागरीत लिहिले, खात्यात ते रोमन असतात. आता खाते क्रमांक मधल्या रेघेसह मजकूर म्हणून साठवलेल्या कोणत्याही संस्थेचा विचार करा. डेटाच्या फाइली जशाच्या तशा उचलून नव्या कंटेनरला जोडल्या, डेटाबेस हसतमुखाने उठला, आणि इंडेक्स मात्र जुन्या क्रमाने रचलेला. खातं असतं, पण शोधल्यावर सापडत नाही. सापडत नाही म्हणून तोच क्रमांक दुसऱ्यांदा घातला जातो आणि एकमेवतेचा नियम तो आत घेतो. चूक कुठंही ओरडून सांगत नाही. अल्पाइनची छोटी इमेज घेणाऱ्यांचं तर आणखी वेगळं, तिथं ग्लिबसीच्या जागी असलेल्या मस्लमध्ये भाषेनुसार क्रमच नाही, नुसती बाइटांची तुलना.

पोस्टग्रेस १५ पासून अशी तफावत दिसली तर जोडणी करतानाच सूचना येते, ती कुणी वाचली तर. माझ्यापुरता नियम असा: कार्यप्रणाली बदलत असेल तर फाइली उचलायच्या नाहीत. ओळी काढून नव्या ठिकाणी ओळी म्हणूनच घालायच्या, म्हणजे इंडेक्स तिथल्या क्रमाने नव्याने बांधला जातो. फाइली उचलायचीच पाळी आली तर मजकुराचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधल्याशिवाय दार उघडायचं नाही.

ओरॅकलवाल्यांची गोष्ट निराळी. तांत्रिक अडचण फारशी उरलेली नाही. ओरॅकलच्या स्वतःच्या कंटेनर इमेज आहेत, कुबरनेटिससाठी त्यांचा ऑपरेटर आहे. गाठ पडते ती परवान्याशी. व्हीएमवेअरने घातलेल्या मर्यादा ओरॅकल परवाना मोजताना मानत नाही, हे दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. कुबरनेटिसमध्येही परवाना पॉडला दिलेल्या सीपीयूवर ठरत नाही. ज्या नोडवर ओरॅकलची इमेज उतरली तो सगळा नोड मोजला जातो. पॉड मोकळेपणाने फिरू दिला तर तो जिथं जिथं जाईल तिथं तिथं बिल मागे जाणार. म्हणजे नोड राखून ठेवायचे, पॉड तिथंच बांधायचा, आणि मग ज्या मोकळेपणासाठी कंटेनर घेतला तोच हातातून गेला. एसक्यूएल सर्व्हरचा मार्ग २०१७ मध्ये तो लिनक्सवर आला तेव्हा उघडला. पण मायक्रोसॉफ्टने २०१९ च्या आवृत्तीबरोबर कुबरनेटिसवर उभे केलेले बिग डेटा क्लस्टर फेब्रुवारी २०२५ मध्ये गुंडाळले. कंपनीनेच मांडलेला डाव कंपनीच मोडते, तेव्हा त्यावर संस्थेचा मुख्य डेटाबेस ठेवलेल्यांनी काय करायचं?

मधली वाटही आहे. क्युबव्हर्ट हा प्रकल्प व्हीएमलाच कुबरनेटिसच्या पॉडमध्ये बसवतो. जुलै २०२३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. हायपरव्हायजरची वर्गणी बदलायची आहे, पण आतला जुना डेटाबेस हलण्यासारखा नाही, अशांसाठी ही प्रामाणिक सोय आहे. मला जास्त बोलकं वाटतं ते निऑनचं उदाहरण. साठवणीचा थर नव्याने बांधलेली पोस्टग्रेसची ही सेवा कुबरनेटिसवरच चालते, पण प्रत्येक पोस्टग्रेस पॉडमधल्या छोट्या व्हीएमच्या आत ठेवलेला असतो. कारण त्यांना चालू असताना मेमरी कमी-जास्त करायची होती आणि कनेक्शन न तोडता दुसऱ्या नोडवर न्यायचं होतं. लेखाच्या सुरुवातीला मी जी सावली म्हटली तीच. पॉड बंद न करता त्याची मेमरी बदलणं कुबरनेटिसमध्ये बीटा दर्जाला पोचलं ते २०२५ च्या १.३३ मध्ये, व्हीएममध्ये आपण ते कितीतरी आधीपासून करत होतो.

या सगळ्यात माणसांचं काय होतं याची चर्चा कमी होते. व्हीएमच्या काळात हजार दिवस न थांबलेला सर्व्हर हा डीबीएचा अभिमान होता. कुबरनेटिसच्या वर्षाला तीन आवृत्त्या निघतात आणि प्रत्येकीला सुमारे १४ महिने आधार मिळतो. म्हणजे निदान वर्षातून एकदा प्रत्येक नोड रिकामा करावाच लागणार, सुरक्षेच्या दुरुस्त्या धरल्या तर त्याहून अधिक वेळा, आणि दर वेळी मुख्य प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जाणार. ॲप्लिकेशनला तुटलेलं कनेक्शन पुन्हा जोडता येत नसेल तर तो दोष इतकी वर्षं झाकलेला होता, आता उघडा पडतो. माझ्या मते हे चांगलंच आहे. मुख्य प्रत महिन्यातून एकदा मुद्दाम बदलणाऱ्या संस्थेला खऱ्या संकटात घाम फुटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांत व्यापारी बँकांना महत्त्वाच्या प्रणालींसाठी किमान सहामाही डीआर ड्रिल, म्हणजे आपत्तीतून सावरण्याची कवायत, सांगितलं आहे. कुबरनेटिसवरचा डेटाबेस त्या ड्रिलची जागा घेत नाही, पण त्याची छोटी तालीम नकळत सतत करत असतो.

पण यासाठी माणसं लागतात, डेटाबेस आणि कुबरनेटिस दोन्ही जाणणारी. तालुक्याच्या गावी मुख्यालय असलेल्या, आयटी विभागात तिघं-चौघं असलेल्या सहकारी संस्थेला मी हा सल्ला देणार नाही. त्यांचा डेटाबेस एका व्हीएममध्ये, दुसरी प्रत दुसऱ्या गावी, आणि रोजचा बॅकअप उतरवून बघणारा एक जबाबदार माणूस, एवढं त्यांना पुरतं आणि तेच नीट करणं महत्त्वाचं. ज्यांच्याकडे शंभर-दीडशे छोटे-मोठे पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल विखुरले आहेत, ज्यांच्या टीमला नवा डेटाबेस मागितल्यावर आठवडाभर तिकीट फिरताना बघावं लागतं, त्यांना मात्र ऑपरेटरमुळे अक्षरशः मोकळं झाल्यासारखं होतं. तीच मांडणी, तोच बॅकअप, तीच पासवर्ड बदलण्याची पद्धत, दीडशे ठिकाणी सारखी.

बॅकअपचं बजावून सांगतो. व्हीएमच्या जगात रात्री अख्ख्या व्हीएमची प्रतिमा उचलणारं सॉफ्टवेअर असतं आणि डेटाबेसही त्यातच सुरक्षित आहे असं सगळे धरून चालतात. कंटेनरमध्ये गेल्यावर ते सॉफ्टवेअर नोडची प्रतिमा घेत राहतं, ज्यात कामाचं काही नसतं. डेटाबेसचा मूळ बॅकअप आणि त्यानंतरच्या लॉगची अखंड साखळी ऑब्जेक्ट स्टोअरवर जायला हवी, क्लस्टरच्या बाहेर. आणि ती दर महिन्याला एका रिकाम्या क्लस्टरमध्ये उतरवून, ओळी मोजून बघायला हवी.

प्रत्यक्ष हलवण्याच्या रात्रीसाठी पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून लॉजिकल रेप्लिकेशन आहे. व्हीएमवरचा डेटाबेस चालू ठेवायचा, कंटेनरमधल्याने आधी सगळ्या ओळी घ्यायच्या, मग चालू बदल. दोघे बरोबरीला आले की ॲप्लिकेशन काही मिनिटं थांबवून पत्ता बदलायचा. १८ व्या आवृत्तीपर्यंत यात सिक्वेन्सचे आकडे येत नाहीत. ते हाताने पुढे सरकवले नाहीत तर पत्ता बदलल्यावरची पहिलीच नवी नोंद क्रमांक आधीच आहे म्हणून नाकारली जाते, आणि त्या क्षणी फोनवर सहा माणसं ऐकत असतात. टेबलांच्या रचनेतले बदलही जात नाहीत, म्हणून त्या पंधरवड्यात रचनेला हात लावायची बंदी. पत्ता बदलल्याबरोबर उलट दिशेचं रेप्लिकेशन सुरू करायचं, कंटेनरकडून व्हीएमकडे, म्हणजे परतीची वाट उघडी राहते.

आमचं जुनं व्हीएम असं मागे मागे चालत राहिलं. जानेवारीत पत्ता बदलला होता. फेब्रुवारीत दोन नोड रिकामे केले, मुख्य प्रत दोनदा बदलली, तक्रार आली नाही. व्हीएम बंद करून जागा मोकळी करा, असे निरोप दर आठवड्याला येत होते. आम्ही ३१ मार्चच्या रात्री वर्षअखेरीचं व्याज लागेपर्यंत थांबलो, दोन्हीकडच्या बेरजा पैशापर्यंत जुळवल्या, आणि एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ते बंद केलं.